मगरीचा शेजार

गेल्या थंडींत एका रविवारीं मी माझ्या नातवाला घेऊन एका प्राणिसंग्रहालयांत गेलों होतों. वाघ, अस्वल, माकडें हीं सर्व पाहून झाल्यावर आम्ही मगरींच्या कुंडापाशीं आलों. कठड्याभोंवतीं बरीच गर्दी होती. खालीं सिमेंटच्या उतारावर एक मोठी मगर जबडा उघडा टाकून उन्हांत पडली होती. ती हालत नव्हती, आणि श्वास घेत असल्याचेंहि दिसत नव्हतें. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. मग माझ्या शेजारीं उभ्या असलेल्या एका सुशिक्षित दिसणाऱ्या गृहस्थांनीं खिशांतून एक नाणें काढलें, आणि नेम धरून तिच्या पाठीवर फेंकलें. नाणें खवल्यांवर आपटून पाण्यांत पडलें. मगर तशीच. तेव्हां माझ्या नातवानें माझा हात ओढून विचारलें, "आजोबा, ही खरी आहे का?"

"खरी आहे," मी म्हणालों.

"मग ती कांहीं करत कां नाहीं?"

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर मला ठाऊक होतें. मगर हा शीतरक्ताचा प्राणी आहे. थंडीच्या दिवसांत तो तासन्‌तास उन्हांत पडून राहतो, आणि जबडा उघडा ठेवून अंगांतील उष्णतेचें नियमन करतो. म्हणजे कांहीं न करतां पडून राहणें हेंच त्या घटकेला तिचें महत्त्वाचें काम होतें. हें मीं नातवाला सांगितलेंहि. परंतु घरीं येतांना मला वाटूं लागलें कीं, त्या पांच वर्षांच्या पोराच्या प्रश्नांत आपण सर्व शहाण्यासुरत्या माणसांची एक समजूत उघडी पडली आहे. जें खरें असेल तें आपल्यासाठीं कांहींतरी करील, आणि जें आपल्यासाठीं कांहीं करीत नाहीं तें असून नसल्यासारखें, अशी ती समजूत. नाणें फेंकणाऱ्या गृहस्थांची हीच समजूत होती. ते क्रूर नव्हते. त्यांना फक्त आपल्या तिकिटाचा मोबदला हवा होता.

ह्या समजुतीचा पूर्ण विकास पाहावयाचा असेल तर अमेरिकेकडे पाहावें लागतें. फ्लॉरिडा प्रांतांत ऑर्लँडो शहरानजीक वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नांवाची मनोरंजननगरी आहे; ती १९७१ सालीं उघडली. तेथें एका नौकाविहारांत कृत्रिम अरण्यांतून होडी जाते, आणि कांठावरच्या कळसूत्री मगरी ठरल्या वेळीं जबडा उघडून प्रवाशांना दचकवितात. मुलें किंचाळतात, आईबाप हसतात, होडी पुढें जाते. ही मगर आपल्यासाठीं नेमकें तेंच करते, जें आपण तिच्याकडून मागतों. आणि त्यापलीकडे कांहीं करीत नाहीं. ह्या खेळांत मला कांहीं वावगें दिसत नाहीं. भयाची नक्कल करून आनंद मिळविणें ही मनुष्याची फार जुनी हौस आहे; आपल्या दशावतारांतला संकासुर दुसरें काय करतो?

परंतु ह्याच नगरीच्या तळ्यांत व कालव्यांत खरे ॲलिगेटरहि राहतात. ते कोणी आणून सोडलेले नाहींत. फ्लॉरिडा हा मुळांत दलदलीचा मुलूख. तेथें ॲलिगेटरची वस्ती मनुष्याच्याहि आधींची. एके काळीं कातड्याच्या लोभानें त्यांची इतकी कत्तल झाली कीं, १९६७ सालीं हा प्राणी नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचें सरकारला जाहीर करावें लागलें. संरक्षण मिळाल्यावर तो सांवरला, आणि १९८७ सालीं त्याचें नांव त्या यादींतून काढण्यांत आलें. आज त्या एका प्रांतांत सुमारें १३ लक्ष ॲलिगेटर असावेत असा अंदाज आहे. मनुष्यानें आपली चूक सुधारल्याचें हें एक दुर्मिळ उदाहरण होय. पण सुधारलेल्या चुकीबरोबर एक नवी जबाबदारी येते, ती अशी कीं, ज्याला आपण जगूं दिलें त्याच्या शेजारीं राहण्यास आपण शिकलें पाहिजे.

ता. १४ जून २०१६ रोजीं रात्रीं त्या नगरींतील एका विस्तीर्ण कृत्रिम सरोवराच्या वाळूवर एक दोन वर्षांचें बालक आपल्या कुटुंबियांसमवेत खेळत होतें. उथळ पाण्यापाशीं तें गेलें असतां ॲलिगेटरनें त्याला ओढून नेलें. बापानें पाण्यांत धांव घेऊन त्याला सोडविण्याची शिकस्त केली, ती व्यर्थ गेली. दुसऱ्या दिवशीं बालकाचा देह सांपडला. शोधाच्या वेळीं कित्येक ॲलिगेटर पकडून मारण्यांत आले. त्या कांठावर पाटी होती. तिच्यावर "पोहण्यास मनाई" एवढेंच लिहिलेलें होतें. ॲलिगेटरचा तीवर उल्लेख नव्हता. पुढें कुंपण घालण्यांत आलें, आणि पाण्यांत ॲलिगेटर व साप आहेत, पाण्यापासून दूर राहा, असें सांगणाऱ्या पाट्या लागल्या.

ही पहिली पाटी खोटी होती असें कोणास म्हणतां येणार नाहीं. पोहण्यास मनाई होतीच. परंतु अर्ध्या सत्याचें पाप आपणां भारतीयांस निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. "नरो वा कुंजरो वा" म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ, आजवर जमिनीपासून चार बोटें वर चालणारा, त्या क्षणीं भुईला टेंकला. धर्मराजाचा शब्द खोटा नव्हता. ऐकणाऱ्याचा समज खोटा व्हावा अशा बेतानें तो उच्चारला होता. पाटीच्या बाबतींत असा बेत असेल असें मी म्हणत नाहीं. पण जेथें निश्चिंतता हाच विक्रीचा माल आहे तेथें भयाची पाटी लावणें जिवावर येतें, आणि जी गोष्ट सांगणें जिवावर येतें ती सांगावयाची राहून जाते. कोणी म्हणेल, फ्लॉरिडांतल्या प्रत्येक पाण्यांत ॲलिगेटर असतो हें कोणास ठाऊक नाहीं? तेथल्या रहिवाश्याला ठाऊक असतें. दूरच्या प्रांतांतून आलेल्या पाहुण्याला तें ठाऊक असेलच असें नाहीं. यजमानाचें ज्ञान आणि पाहुण्याचें अज्ञान यांत जितकें अंतर अधिक, तितकें यजमानाचें सांगण्याचें कर्तव्य अधिक. आतिथ्याच्या कोणत्याहि व्यवहाराला हा नियम लावून पाहावा.

दूरच्या माणसांना दोष देणें सोपें असतें, म्हणून आतां जवळची गोष्ट सांगतों. मी कोथरुडांत राहतों. ता. ९ डिसेंबर २०२० रोजीं सकाळीं फिरावयास गेलेल्या लोकांना महात्मा सोसायटीच्या भागांत एक रानगवा दिसला. बातमी घटकेंत पसरली. ते करोनाच्या सांथीचे दिवस होते. महिनोन्‌महिने घरांत कोंडलेलीं माणसें मुखपट्ट्या बांधून रस्त्यावर आलीं. त्या गर्दींत मीहि होतों. मीहि मोबाइल उंच धरला होता. माणसांच्या डोक्यांमधून मला त्या जनावराची फक्त काळी पाठ दिसली, आणि एकदां त्यानें वळून पाहिलें तेव्हां त्याचे डोळे. गोंगाट, पाठलाग, कुंपणांवरून उड्या, मग भुलीचें औषध, जाळें, दोर. आणि त्याच दिवशीं तो गवा मेला.

त्या गर्दींत कोणीहि त्याला मारावयास आलेलें नव्हतें. उलट, तो सर्वांना आवडला होता. आणि आमच्या ह्या आवडीखालींच तो चेंगरला. संध्याकाळीं सर्व शहर हळहळलें, मीहि हळहळलों. मगर भक्ष्य खातांना अश्रू ढाळते असें म्हणतात. पण नक्राश्रु हा शब्द मगरीवर अन्याय करणारा आहे असें मला त्या संध्याकाळपासून वाटतें. भक्ष्याविषयीं दुःख दाखविण्याची गरज मगरीला कधीं पडत नाहीं.

त्या रात्रीं मीं माझ्या मनाची समजूत अशी घातली कीं, "मी गेलों नसतों तरी गवा मेलाच असता." हें विधान तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्या गर्दींतला प्रत्येक जण तेंच विधान तितक्याच निर्दोषपणें करूं शकतो. आणि सर्वांचीं विधानें एकत्र केलीं म्हणजे निष्कर्ष निघतो कीं, गवा मेला खरा, पण त्याला कोणीच मारलें नाहीं. ज्या तर्कानें प्रेत शिल्लक राहतें आणि कर्ता नाहींसा होतो, त्या तर्कांत कोठेंतरी खोट असली पाहिजे. माझ्या मतें ती येथें आहे: आपण आपला वांटा मोजतांना परिणामाला माणसांच्या संख्येनें भागतों, आणि भागाकार शून्यवत् आला कीं सुटलों असें समजतों. नीतीचा हिशेब असा भागाकाराचा नाहीं. "माझ्यामुळें किती झालें?" हा प्रश्न न्यायालयाचा, "मी तेथें कशासाठीं उभा होतों?" हा प्रश्न विवेकाचा. ह्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशीं एकच उत्तर होतें, कीं मी पाहण्यासाठीं उभा होतों. त्याच महिन्यांत बावधनच्या बाजूस दुसरा गवा दिसला. ह्या वेळीं लोकांना दूर ठेवण्यांत आलें, त्याला वाट मोकळी करून देण्यांत आली, आणि तो रानाकडे परत गेला. त्याच्यासाठीं जें काय करावयाचें होतें तें मुख्यतः न करण्याच्या स्वरूपाचें होतें.

येथवर वाचून कोणा वाचकाला वाटेल कीं, प्राण्यांना त्यांच्या जागीं सुखानें राहूं द्यावें एवढा सोपा उपदेश मला करावयाचा आहे. मलाहि एके काळीं तो सोपा वाटे. एकदां वर्गांत अहिंसेच्या तत्त्वाची चर्चा चालली असतां मीं कृष्णा नदींतील मगरींचें उदाहरण घेतलें, आणि त्यांचें रक्षण करणें हें आपलें कर्तव्य आहे असें म्हटलें. तास संपल्यावर सांगलीकडचा एक विद्यार्थी मागें थांबला. तो अदबीनेंच बोलला, पण त्याचे शब्द अजून माझ्या कानांत आहेत. "सर, तुम्ही म्हणतां तें बरोबर आहे. पण आमच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह कचऱ्यानं भरला, कीं पाण्यात माझे वडील उतरतात. एकदा तुम्ही उतरून बघा."

सांगली, भिलवडी, औदुंबर ह्या भागांत कृष्णेच्या पात्रांत मगरी आहेत, आणि त्यांनीं माणसें मारल्याचे प्रसंगहि घडलेले आहेत. तेथला शेतकरी नदीवर करमणुकीसाठीं जात नाहीं. पिकाला पाणी, गुरांना पाणी, वैरण, मासळी, धुणें, ह्या सर्वांसाठीं नदी हीच त्याची वाट. मनोरंजननगरींतला पाहुणा धोक्याजवळ हौसेनें जातो. कृष्णाकांठचा माणूस धोक्याजवळ जन्माला येतो. पाहणाऱ्याची मगर आणि राहणाऱ्याची मगर ह्या दोन वेगळ्या मगरी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मगरीला संरक्षण दिलें, १९७५ सालीं सरकारनें मगरींच्या संवर्धनाचा उपक्रम हातीं घेतला, आणि ह्या दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण त्यांचा आनंद पुण्यांत बसून मी घेतों, आणि त्यांची किंमत मात्र माझ्या विद्यार्थ्याचे वडील देतात. दुसऱ्याच्या मुलाला पाण्यांत उतरवून आपण भूतदयेचें पुण्य जोडूं लागलों, तर त्या भूतदयेला दुसरें नांव शोधावें लागेल.

मग मगरी नाहींशा कराव्या काय? मनुष्याच्या मुलाचें जीवित मगरीच्या जीवितापेक्षां मोलाचें आहे, हें मी निःशंकपणें मानतों. तराजूच्या एका पारड्यांत मूल आणि दुसऱ्यांत मगर अशी वेळ आली, तर मगरीच्या बाजूनें बोलणारा मनुष्य मला भेटूं नये. परंतु तराजू असा क्वचित् लागतो. बहुतेक वेळां दुसऱ्या पारड्यांत मूल नसून आपली सोय असते, किंवा कोणाचा तरी नफा. मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडाशीं नदीच्या उतरत्या कांठांत खळगा खणून अंडीं घालते, त्यांवर राखण करते, आणि पावसाळ्यापूर्वीं पिलें बाहेर येऊं लागलीं म्हणजे त्यांना जबड्यांत अलगद धरून पाण्यांत नेऊन सोडते. ज्या जबड्याचें आपल्याला भय वाटतें तोच तिच्या लेंकरांचा पाळणा होतो. हेच कांठ वाळूसाठीं आणि विटांच्या मातीसाठीं खणले जातात. घर मोडलेली, पिलांसाठीं बिथरलेली मगर मनुष्यवस्तीजवळ आली म्हणजे आपण म्हणतों, मगरींचा उपद्रव वाढला. २०१९ च्या महापुरांत बेळगांव जिल्ह्यांत एक मगर घराच्या छपरावर चढून बसलेली लोकांनीं पाहिली. २०२४ च्या पावसाळ्यांत चिपळुणांत एक भर रस्त्यानें चालत गेली, आणि त्याच वर्षीं आमच्या मराठी मंडळींच्या बडोद्यांत विश्वामित्रीच्या पुराबरोबर मगरी घरांच्या दारांशीं आल्या. ह्या प्रसंगांत कोण कोणाच्या दारांत गेलें होतें, हें नदीच्या पूररेषेच्या आंत बांधलेल्या घरांकडे पाहून ठरवावें. शिवाय एक मगर पकडून दूर नेली तरी पाणी आणि मासळी जागेवर असतात, तोंवर रिकामी जागा बहुधा दुसरी भरून काढते.

तेव्हां नाहींशी करणें हा मार्ग नव्हे, आणि लाडावणें हाहि मार्ग नव्हे. फ्लॉरिडांत ॲलिगेटरला खाऊं घालणें हा गुन्हा आहे, आणि तो नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. हातानें दिलेला घास खाऊन त्याची माणसाविषयींची भीति जाते, आणि मग ज्याला आपण घांस दिला त्यालाच एक दिवस मारावें लागतें. द्वेष आणि लाड ह्या दोहोंपेक्षां निराळी अशी एक तिसरी वृत्ति आपल्याला हवी आहे. ती मला पुस्तकांत सांपडली नाहीं. तिची खूण मला गोव्यांत दिसली.

मांडवी आणि जुवारी ह्या नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे, त्यांत मगरी राहतात. त्या बाजूस खाजन शेतें आहेत, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळविलेली भातजमीन. बांध फुटला तर शेत गेलें. म्हणून शेतकऱ्याला बांधावर, म्हणजे मगरीच्या उंबरठ्यावर, नेहमीं जावें लागतें. फोंडा तालुक्यांत दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येस शेतकरी ओल्या चिखलाची मगर घडवितात, शिंपल्यांनीं तिला सजवितात, फुलें वाहतात आणि तिची पूजा करतात. तिला मानगेथापणी म्हणतात. शिकलेला मनुष्य ह्याला भोळसटपणा म्हणेल. चिखलाच्या मगरीमुळें पाण्यांतली मगर अडत नाहीं हें मलाहि कळतें. परंतु त्या पूजेनें माणूस अडतो. वर्षांतून एकदां, घरांतल्या लहानथोरांच्या देखत, हें पाणी आपल्या एकट्याचें नाहीं, ह्या गोष्टीची उजळणी होते. ज्या मुलानें स्वतःच्या हातांनीं चिखलाच्या मगरीला शिंपल्यांचे खवले लावले, त्याला कांठावर पाटी वाचण्याची गरज पडेल असें मला वाटत नाहीं. गीतेच्या दहाव्या अध्यायांत भगवंतानें आपल्या विभूति सांगतांना जलचरांतील मकर म्हणजे आपणच असें म्हटलें आहे. त्या वचनाचा अर्थ मगर प्रेमळ आहे असा नव्हे. जें आपल्यासाठीं निर्माण झालेलें नाहीं त्यांतहि वंदनीय कांहीं असूं शकतें, असा तो अर्थ मी घेतों. आतां त्याच कालव्यांत मगरी दाखविणाऱ्या होड्या प्रवाशांना घेऊन जातात. त्या जाऊं नयेत असें मी म्हणणार नाहीं. होडींतल्यांनीं नाणीं फेंकूं नयेत एवढेंच म्हणेन.

ही जी तिसरी वृत्ति, तिचीं तीन कर्तव्यें मला दिसतात. पहिलें सत्याचें. ज्याला धोका ठाऊक आहे त्यानें तो पूर्णपणें सांगावा, मग त्यानें गिऱ्हाइकाच्या निश्चिंतपणाला तडा गेला तरी चालेल. दुसरें अंतराचें. आपल्याकडे जवळीक म्हणजे प्रेम आणि अंतर म्हणजे उपेक्षा असें समजण्याची रीत पडली आहे. पण कांहीं शेजाऱ्यांच्या बाबतींत अंतर हेंच आदराचें एकमेव रूप असतें. तिसरें कर्तव्य वांटणीचें, आणि तेंच आपण शहरवासी नेहमीं विसरतों. मगरीनें माणूस मारला तर आपलें सरकार त्याच्या कुटुंबाला भरपाई देतें. पण भरपाई ही मृत्यूनंतरची असते. नदीकांठचे घाट कुंपणानें सुरक्षित करावे, पाण्यांत न उतरतां पाणी उपसण्याची सोय व्हावी, अंडीं घालण्याच्या दिवसांत कांठ खणले जाऊं नयेत, ह्यासाठीं लागणारा पैसा आणि आग्रह पुण्यामुंबईच्या माणसांकडून आला पाहिजे. कारण "मगर जगली पाहिजे" हें वाक्य मुख्यतः आपण बोलतों.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नव्हतें. आज तो भेटला तर, मी पाण्यांत उतरेन, असें खोटें सांगणार नाहीं. एवढेंच म्हणेन कीं, तुझ्या वडिलांना उतरावें लागूं नये यासाठीं मला काय करतां येईल तें तूं सांग. आणि तोंवर अहिंसेवरचें माझें व्याख्यान अपुरें आहे असें समज.

नातवाला मीं परवां पुन्हां त्याच कुंडापाशीं नेलें. मगर त्याच जागीं, तशीच पडली होती. ह्या वेळीं तो बराच वेळ गप्प उभा राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "आजोबा, ती आपल्याला बघतेय का?" मला ठाऊक नव्हतें, आणि तसें मीं सांगितलें. नंतर आम्ही दोघेहि कठड्यापासून एक पाऊल मागें सरलों.